ओडी खात्यातली कापाकापी : व्याज, दंड आणि दंडावर पुन्हा व्याज. कुणी बँकेशी भांडलंय का?

काजूबी | १२ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. बी उकडायचा बॉयलर, दोन-तीन कटर, एक ड्रायर आणि सोलणीला वाडीतल्याच बायका. कच्ची बी मार्च ते मे या काळात रोखीने घ्यावी लागते, नाहीतर व्यापारी उचलून नेतो. गराला खरं गिऱ्हाईक गणपती आणि दिवाळीला. मधला पावसाळा आम्ही बँकेच्या ओडीवर (ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत खात्यातून उसने काढायची सोय) काढतो. मर्यादा ३ लाख, व्याज ११ टक्के.

यंदा बी महाग पडली आणि मेअखेर ओडी जवळजवळ पूर्ण वापरली गेली. पुढचं सांगते ते पासबुकात जसं छापलंय तसंच.

३१ मे ला व्याज २,७९७ नावे पडलं. त्या व्याजानेच खातं ३ लाखांच्या वर गेलं, आम्ही एक रुपया काढला नव्हता. ५ जूनला टेम्पोचा ७,८६० चा हप्ता फायनान्स कंपनीने मागितला, तो परत गेला. रिटर्न चार्ज ५०० अधिक जीएसटी ९०. चार दिवसांनी कंपनीने तोच हप्ता पुन्हा टाकला, पुन्हा ५९०. महिनाअखेरीस 'ओव्हरलिमिट चार्ज' म्हणून आणखी ५९०. जुलै आणि ऑगस्टमध्ये हेच. फायनान्स कंपनीने दर महिन्याला स्वतःचे बाउन्स चार्ज ५९० लावले ते वेगळे.

बेरीज केली तर बँकेचे ५,३१० आणि कंपनीचे १,७७०, एकूण ७,०८०. म्हणजे टेम्पोचा एक हप्ता भरत आला असता इतके पैसे नुसत्या दंडात गेले. दिरांनी मुंबईहून गणपतीसाठी १०,००० पाठवले, ते याच खात्यात आले आणि त्यातले बरेचसे आत जिरले. आरतीला घर भरलेलं आणि माझं लक्ष मोबाइलवरच्या मेसेजकडे.

शाखेत विचारलं तर उत्तर मिळालं, "सिस्टीम कापते, आमच्या हातात काही नाही." कर्ज आम्ही बुडवणार नाही. पण ही कापाकापी योग्य आहे का? परत मागता येते का? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

सोलकढी_प्लीज | १२ सप्टेंबर, रात्री १०:०५

ताई, पैसे परत मिळतात की नाही ठाऊक नाही, पण 'सिस्टीम कापते' हे मी पण ऐकलंय. ती सिस्टीम एकदा भेटायला हवी.

रोखठोक | १२ सप्टेंबर, रात्री १०:३१

थोडं कडू बोलतो. ओडी घेताना सह्या केल्या ना? त्या कागदात हे सगळे चार्जेस असतात. मर्यादा ३ लाख म्हटल्यावर व्याजापुरती जागा ठेवणं हे खातेदाराचं काम. बँक धर्मादाय संस्था नाही, आणि आपण हप्ते चुकवले तर ठेवीदारांच्या पैशांचं काय?

निवृत्त_रोखपाल | १२ सप्टेंबर, रात्री ११:१२

बँकेत उभा जन्म गेला, त्यातली शेवटची वर्षं कर्ज विभागात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोखठोक, तुमचं निम्मं बरोबर. व्याजापुरती जागा ठेवायलाच हवी. पण बाकीचं निम्मं सोडून चालणार नाही. बँकेनेही सह्या केलेल्या आहेत आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत.

काजूबी ताई, आधी एक काम करा. पासबुक नको, खात्याचं पूर्ण स्टेटमेंट १ एप्रिलपासूनचं मागा आणि प्रत्येक नोंद तीन ढिगांत टाका. पहिला ढीग व्याजाचा. दुसरा दंडाचा, म्हणजे कर्जाची अट मोडली म्हणून लावलेली रक्कम. तुमचा ओव्हरलिमिट चार्ज यात येतो. तिसरा सेवाशुल्काचा, हप्ता परत गेल्याचे ५९० यात. तिन्हींचे नियम वेगळे आहेत. शाखेत जाऊन "एवढे पैसे का कापले" असं एका दमात विचारलं की उत्तरही गोलमाल मिळतं.

दंडाबद्दल रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक आहे. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं आणि जुनी कर्जं ३० जून २०२४ पर्यंत त्यात आणायची होती. त्यात स्पष्ट आहे की दंड हा व्याजदरात मिसळायचा नाही, वेगळा 'दंडात्मक शुल्क' म्हणून दाखवायचा. तो मुदलात मिळवायचा नाही आणि त्यावर पुढे व्याज लावायचं नाही. रक्कम वाजवी आणि चुकीच्या प्रमाणात हवी. दंड लावला की कारण कळवायचं. आणि दंड हा शिस्तीसाठी आहे, कमाई वाढवायला नाही, हेही तिथे लिहिलंय. क्रेडिट कार्ड यातून वगळलंय, ओडी वगळलेली नाही.

तुमच्या खात्यात जूनचा ओव्हरलिमिट चार्ज त्याच शिलकेत मिसळला असेल आणि जुलैचं व्याज त्या सगळ्यावर मोजलं असेल, तर ते नियमाविरुद्ध आहे. रक्कम लहान निघेल, पण मुद्दा पक्का आहे.

रापणकार_मालवणी | १२ सप्टेंबर, रात्री ११:४०

बाये, तुझा गाऱ्हाणा आयकलंय. आता माजा आयक.

बा देवा म्हाराजा! ह्या लेकराच्या खात्यातसून जी कायती कापाकापी चललीहा, ती खयच्या कागदात बसता ता दाखव रे म्हाराजा! दंडार याज, याजार दंड, असा जो कोण लावता तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!

सोलकढी_प्लीज | १२ सप्टेंबर, रात्री ११:४२

होय म्हाराजा!

खाडीकाठची | १२ सप्टेंबर, रात्री ११:५५

होय म्हाराजा!! आणि काकांच्या पोस्टला शंभर लाइक.

वकीलीण_ओरोस | १३ सप्टेंबर, सकाळी ७:५०

काकांच्या पोस्टमध्ये एक भर. ओव्हरलिमिट चार्ज ५०० वर ९० रुपये जीएसटी लावलाय ना? डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली, तिथे हा विषय होता. कर्जाच्या अटी न पाळल्याबद्दल बँका आणि फायनान्स कंपन्या जो दंड घेतात त्यावर जीएसटी लागत नाही, असं तिथे स्पष्ट केलं गेलं आणि जानेवारी २०२५ मध्ये तसं परिपत्रक निघालं. तुमचे तीन चार्ज त्यानंतरचे आहेत. म्हणजे २७० रुपये जीएसटी तर थेट मागा, तिथे वादाला जागाच नाही. बँक म्हणेल की हा दंड नाही, सेवाशुल्क आहे. मग लेखी विचारा, मर्यादा ओलांडल्यावर बँकेने नेमकी कोणती सेवा दिली?

काजूबी | १३ सप्टेंबर, सकाळी ९:१५

बापरे, एका रात्रीत एवढं! सर्वांचे मनापासून आभार. काका, स्टेटमेंट आज मागते. वकीलीण ताई, जीएसटीचं मला अजिबात ठाऊक नव्हतं.

रोखठोक दादा, तुमचा राग नाही. पण एक सांगते, व्याज कधी पडणार हे ठाऊक होतं, ते भरायला पैसेच नव्हते. सोलणीच्या बायकांचा पगार थांबवून व्याज भरायचं का, असा प्रश्न होता. आम्ही पगार दिला.

देवगड_कलम | १३ सप्टेंबर, दुपारी १:२०

योग्य केलंत ताई. आमच्याकडेही तेच गणित. हापूसची कलमं आहेत. वाशीच्या दलालाकडून पट्टी (विक्रीचा हिशेब आणि पैसे) येईपर्यंत फवारणीवाला, खतवाला, गुरखे, पेट्यांवाला सगळे दारात. यावर्षी थ्रिप्सने मोहोर खाल्ला तेव्हा पट्टीत हमाली-तोलाई, भाडं आणि उचल वजा जाऊन हातात काय आलं ते विचारू नका.

माझा किस्सा बचत खात्याचा. किमान शिल्लक नाही म्हणून दर महिन्याला कापत गेले. खात्यात शेवटचे दीडेकशे उरले होते ते गेले आणि शिल्लक उणे झाली. नंतर फळपीक विम्याचे पैसे आले त्यातून ती उणे बाकी आधी वळती केली. मॅनेजरला म्हटलं, बचत खातं उणे कसं होतं? तो म्हणाला, होतं. मी गप्प बसलो. नियम काय आहे कुणी सांगेल का?

निवृत्त_रोखपाल | १३ सप्टेंबर, दुपारी ३:०२

नाही होत! २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक, १ एप्रिल २०१५ पासून लागू. किमान शिलकेच्या शुल्कामुळे बचत खातं उणे करता येत नाही. शिवाय शिल्लक कमी झाली की आधी खातेदाराला मेसेज, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, भरायला किमान महिनाभर द्यायचा, आणि शुल्क जेवढी तूट तेवढ्याच प्रमाणात घ्यायचं. तुमची उणे बाकी फक्त या शुल्कानेच झाली असेल तर ती वळती केलेली रक्कम परत मागा. आजच लेखी द्या.

स्टेट बँकेने २०२० मध्ये बचत खात्याची किमान शिलकेची अटच काढून टाकली. यंदा आणखी काही सरकारी बँकांनी काढली. ज्यांचं उत्पन्न हंगामी आहे त्यांनी सरळ बेसिक बचत खातं मागावं. त्याला किमान शिल्लक लागत नाही, डेबिट कार्ड मिळतं, महिन्यात चारदा पैसे काढणं फुकट. जनधन खातं त्याच जातीचं.

देवगड_कलम | १३ सप्टेंबर, दुपारी ३:३०

काका, सोमवारी शाखेत जातो. पुढच्या हंगामात एक पेटी तुमची.

सोलकढी_प्लीज | १३ सप्टेंबर, दुपारी ३:३४

पेटीचा पत्ता इथे लिहू नका, सगळा धागा तिथे येईल.

हर्णै_बंदर | १३ सप्टेंबर, रात्री ८:४५

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होडी वर ओढली की दोन महिने आवक शून्य, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला. कर्ज देताना साहेबाला बंदी ठाऊक असते, तरी हप्ते बारा महिन्यांचे पाडतात. मी दुसऱ्या कर्जाच्या वेळी अडून बसलो. म्हटलं, वर्षाला दहा हप्ते पाडा, जून-जुलै सोडून, हप्ता मोठा झाला तरी चालेल. आधी नाही म्हणाले, मग वरून मंजूर करून आणलं. तेव्हापासून एकही हप्ता परत गेलेला नाही.

ताई, तुमचा खरा रोग तारखांचा वाटतो. गराचे पैसे ऑगस्ट ते ऑक्टोबर येतात आणि हप्ता जूनमध्ये मागतात.

मच्छीमारांसाठी आणखी एक. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून आपल्यालाही आहे. खेळत्या भांडवलासाठी २ लाखांपर्यंत ७ टक्के, वेळेत फेडलं तर ३ टक्के सवलत. डिझेलचा परतावा कधी हातात येईल याचा भरवसा नसतो, त्याच्या आशेवर बाहेरून ३ टक्के महिन्याने उचलण्यापेक्षा हे बरं.

रोखठोक | १३ सप्टेंबर, रात्री ९:१०

हर्णै, हे पटलं. मी म्हणतोय ते हेच की आधी बोलून घ्यावं. काजूबी ताई, सोलणीच्या पगाराचं तुम्ही लिहिलंत ते वाचून कालच्या माझ्या सुराचं मला वाईट वाटलं. मुद्दा मात्र सोडत नाही. ७,०८० पैकी समजा ३,००० परत मिळाले, तरी ३ लाख डोक्यावर आहेतच. त्याचं काय?

वकीलीण_ओरोस | १३ सप्टेंबर, रात्री १०:००

प्रश्न रास्त आहे. पण गळकी पाइप बंद केल्याशिवाय टाकी भरत नाही. दोन्ही कामं बरोबर चालवायची.

टेम्पोचं कर्ज कधीचं, ताई? १ ऑक्टोबर २०२४ नंतरचं असेल तर कंपनीने तुम्हाला 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि शुल्कं लिहिलेला कागद, दिलेलं असणार. त्यात नसलेलं कोणतंही शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या मुदतीत घेता येत नाही. त्या कागदात बाउन्स चार्ज किती लिहिलाय ते बघा.

काजूबी | १३ सप्टेंबर, रात्री १०:४०

कर्ज डिसेंबर २०२४ चं. तो कागद आत्ता फायलीतून काढला. बाउन्स चार्ज ४०० लिहिलाय! ५०० अधिक जीएसटी नाही. हात थरथरतोय लिहिताना.

खाडीकाठची | १३ सप्टेंबर, रात्री १०:४२

फोटो काढून ठेवा. आत्ता. मूळ कागद कुणाला देऊ नका.

लंडनस्थित_दापोलीकर | १४ सप्टेंबर, पहाटे २:२०

वेगळ्या देशाची गोष्ट सांगतो, कामाची वाटली तर बघा. इथे इंग्लंडमध्ये वीस वर्षांपूर्वी हेच चालायचं. खातं चार पौंडांनी उणे झालं की तीस-पस्तीस पौंड दंड, त्या दंडाने खातं आणखी उणे, मग पुढचा दंड. लोकांनी हजारोंच्या संख्येने बँकांना पत्रं लिहून पैसे परत मागितले आणि अनेकांना मिळालेही. मग प्रकरण कोर्टात गेलं. २५ नोव्हेंबर २००९ ला इथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल बँकांच्या बाजूने दिला. करारातल्या अन्यायकारक अटींच्या नियमांखाली या शुल्कांची रक्कम वाजवी आहे की नाही हे तपासता येणार नाही, असा तो निकाल होता.

लोक हरले असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. पण तक्रारी थांबल्या नाहीत. खातेदार खरोखर कर्जात बुडालेला असेल, आजारपण असेल, नोकरी गेली असेल, तर त्याच्याशी बँक कशी वागली हा मुद्दा लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्याकडे) जातच राहिला. शेवटी एप्रिल २०२० पासून नियामकानेच ओव्हरड्राफ्टवरचे ठोक दंड बंद केले. आता इथे वार्षिक एकच व्याजदर सांगावा लागतो आणि मंजुरीशिवाय उणे गेलेल्या रकमेला जास्त दर लावता येत नाही.

म्हणून ताई, 'चार्ज जास्त आहे' एवढंच लिहू नका. तुमची परिस्थिती लिहा. हंगाम, पगार, आवक कधी येते ते लिहा, आणि त्याबरोबर मार्गही मागा.

चाकरमानी_डोंबिवली | १४ सप्टेंबर, सकाळी ८:३०

लंडनकर, तुमच्याकडे काजू किलोला किती हो? ताईंच्या गराला तिकडे गिऱ्हाईक मिळालं तर ओडीच नको.

लंडनस्थित_दापोलीकर | १४ सप्टेंबर, सकाळी ११:५०

विचारून सांगतो, खरंच. पण इथल्या दुकानातल्या गराला वेंगुर्ल्याची गोडी नाही एवढं आत्ताच सांगतो. आमची आई ओल्या काजूची उसळ करायची, ती चव अजून...

खाडीकाठची | १४ सप्टेंबर, दुपारी १२:१५

उसळीचा वेगळा धागा काढा, मी येते. ओल्या काजूला सोलताना हाताला जो चीक लागतो आणि कातडी निघते, त्यावरही बोलू. इथे ताईंचा प्रश्न चालू राहू दे.

तारकर्ली_निवास | १४ सप्टेंबर, सायंकाळी ६:०५

माझा अनुभव पतसंस्थेचा, तोही वाचा. होमस्टेच्या दोन खोल्यांसाठी पतसंस्थेकडून कर्ज घेतलं. तौक्ते आलं तेव्हा छप्पर गेलं, पर्यटक गेले, हप्ते थकले. वसुलीवाले रात्री नऊला घरी यायचे, जामीनदाराच्या दारात उभे राहायचे. जामीनदार माझे सख्खे शेजारी. दंडापेक्षा ते जास्त लागलं. गावात चतुर्थीला एकमेकांकडे जायचं आणि ते माझ्यामुळे तोंड चुकवतात.

मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली, ती परत आली. पतसंस्था त्या योजनेत येत नाही. ती सहकार खात्याखाली येते, तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे जावं लागतं. तिथे लेखी दिल्यावर रात्रीचं येणं थांबलं. म्हणून आधी बघा, तुमचं कर्ज बँकेचं, फायनान्स कंपनीचं की पतसंस्थेचं. दार चुकलं तर महिने जातात.

निवृत्त_रोखपाल | १४ सप्टेंबर, रात्री ९:३०

तारकर्लीकरांनी फार मोलाचं सांगितलं. बँक आणि फायनान्स कंपनीच्या वसुली एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, ऑगस्ट २०२२ पासून हे लेखी आहे. कर्जदाराला, त्याच्या घरच्यांना, ओळखीच्यांना चारचौघांत मान खाली घालायला लावणंही चालत नाही.

आता रिटर्न चार्जबद्दल. एकाच हप्त्यासाठी दोनदा ५९० हा प्रश्न उरलाय. इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. दुसऱ्यांदा मागणी आली आणि परत गेली तर शुल्क घ्यायला सरसकट बंदी नाही. बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेला दरपत्रक असतो आणि दर किती असावा यात लोकपाल सहसा पडत नाही. पण दोन गोष्टी मागता येतात. तो दरपत्रक दाखवा आणि त्यात प्रत्येक मागणीला शुल्क असं लिहिलंय का ते सांगा. आणि परिस्थिती बघून दुसऱ्या वेळचे चार्ज माफ करा. माफीचा अधिकार शाखेला किंवा विभागीय कार्यालयाला असतो, मी स्वतः अशी माफी कितीदा करून दिलीय. 'सिस्टीम कापते' हे खरं असलं तरी उलटी नोंद माणूसच टाकतो.

एक धोक्याची सूचना. ओडी खातं सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिलं, किंवा ९० दिवसांत त्यात जमा झालेली रक्कम व्याजालाही पुरली नाही, तर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. तुमचं ३१ मे पासून वर होतं. दिरांचे १०,००० आले तेव्हा ते आत आलं असावं, पण तारखा तपासा. वाचलं असेल तर त्या पैशांनी दंडच भरला असं म्हणू नका, त्यांनी खातं वाचवलं.

काजूबी | १४ सप्टेंबर, रात्री १०:२०

काका, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. दिरांना तसं फोन करून सांगितलं. त्यांच्या मनालाही लागलं होतं.

तारीख बघितली. खातं १९ ऑगस्टला मर्यादेत आलंय.

वकीलीण_ओरोस | १५ सप्टेंबर, सकाळी ८:१०

मग आता उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का बघा, नसेल तर करून घ्या, ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योगाचं खातं अडचणीत येतंय असं वाटलं तर उद्योजक स्वतःहून बँकेकडे अर्ज करून पुनर्रचना मागू शकतो. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेची तशी चौकट आहे. एनपीए व्हायची वाट बघायची नसते.

तक्रारीच्या पत्रात जे मागायचं ते सुटं सुटं मागा. ओव्हरलिमिट चार्ज कुठल्या कलमाखाली, आधी कळवलं होतं का, त्यावर व्याज मोजलं का, जीएसटी का. रिटर्न चार्जची माफी वेगळ्या परिच्छेदात. आणि शेवटी ओडीचं व्याज पावसाळ्यात सामावण्यासाठी हंगामी वाढीव मर्यादा. शाखेतून पोच शिक्क्यासह घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. फायनान्स कंपनीला वेगळं पत्र, त्यांचा ४०० चा कागद जोडून, आणि हप्त्याची तारीख बदलायची मागणी.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत, २०२१ ची ती. सीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते, १४४४८ वर मराठीतही विचारता येतं. फी नाही, वकील लागत नाही. वकिलाने दुसऱ्याच्या वतीने तिथे तक्रार करायचीच नसते, म्हणून मला विचारू नका, स्वतः करा, जमेल.

रापणकार_मालवणी | १५ सप्टेंबर, सकाळी ८:२५

वकीलच सांगता वकील नको म्हणान! बाये, तुजी जीत पक्की.

रोखठोक | १५ सप्टेंबर, सकाळी ९:००

आणखी एक करा. टेम्पोचा हप्ता ओडी खात्यातून काढून वेगळ्या बचत खात्यावर न्या. दोन्ही एकाच खात्यावर असतील तर दर व्याजाच्या दिवसानंतर हप्ता अडकणारच. माझ्या भावाच्या दुकानाचं मी तसंच करून दिलं.

काजूबी | २० ऑक्टोबर २०२५, सायंकाळी ५:३०

मंडळी, आज दिवाळी. कंदील लावून झाला आणि लिहायला बसले.

बँकेने ओव्हरलिमिट चार्ज तिन्ही महिन्यांचे जीएसटीसह उलटे केले, १,७७०. त्यावर मोजलेलं व्याजही परत आलं, थोडेच रुपये, पण नोंद स्वतंत्र आहे. रिटर्न चार्जपैकी दुसऱ्या वेळचे तीन माफ केले, तेही १,७७०. पहिल्या वेळचे नाही दिले. काका, तुम्ही म्हणालात अगदी तसंच झालं. मॅनेजर नवीन आले आहेत, त्यांनी दरपत्रक समोर ठेवून बोलणं केलं. हंगामी मर्यादेचा अर्ज विभागीय कार्यालयात गेलाय, मार्चच्या आत कळेल म्हणाले. गर बऱ्यापैकी गेला, ओडी २ लाखांच्या आत आली.

फायनान्स कंपनीने मात्र पत्राला उत्तरच दिलेलं नाही. हप्त्याची तारीखही बदलली नाही. ते पत्र १७ सप्टेंबरला पोचल्याची पावती आहे. आता लोकपालाकडे लगेच जाऊ की अजून एक पत्र पाठवू?

देवगड_कलम | २० ऑक्टोबर, सायंकाळी ५:५०

ताई, अभिनंदन! माझी उणे बाकीची रक्कम पण परत आली. काका, पेटी नक्की.

निवृत्त_रोखपाल | २० ऑक्टोबर, सायंकाळी ६:४०

दोघांचंही अभिनंदन. ताई, दुसरं पत्र नको. १७ सप्टेंबरला ३० दिवस जोडले की १७ ऑक्टोबर, ते उलटून गेले. पोर्टलवर तक्रार टाका, पत्र, पोचपावती आणि की फॅक्ट स्टेटमेंट जोडा. १,७७० उणे १,२०० म्हणजे ५७० जादा घेतलेत, एवढाच आकडा मागा, आणि क्रेडिट रिपोर्ट एकदा काढून बघा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात थकबाकी चुकीची दाखवली असेल तर तेही याच वेळी लिहा.

काजूबी | २० ऑक्टोबर, सायंकाळी ७:०५

रिपोर्ट उद्या काढते. तक्रार आज रात्रीच टाकते.